कोडला रंग कुणी दिला?



या मालिकेत आपण नकाशांचा इतिहास पाहिला, तारायंत्राचा पाहिला, गुप्तलिपीचाही पाहिला. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब वाट चुकले. संगणकाचा प्रोग्राम पडद्यावर रंगीबेरंगी का दिसतो आणि तो तसा दिसावा म्हणून कोणी, केव्हा, काय केलं, हे आज सांगायचं आहे. विषय घरातूनच सुचला, म्हणून सुरुवातही घरापासून करतो.

मी सिग्नल्समधून निवृत्त झालो आणि महूला स्थायिक झालो. मुलगा आणि सून दोघंही बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मागच्या दिवाळीला त्यांच्याकडे गेलो होतो. रात्री उशिरा दोघं शेजारी शेजारी बसून काम करत होते आणि मी मागे चहाचा कप घेऊन उभा. सुनेच्या पडद्यावर लाल, हिरवी, जांभळी अक्षरं. मुलाच्या पडद्यावर मात्र निळी आणि नारिंगी. मी सहज विचारलं, "काय रे, तुझे रंग वेगळे का?"

तो हसला. "बाबा, विसरलात? ती ठिपक्यांची पुस्तिका?"

विसरलो नव्हतो. सतरा वर्षांचा असताना त्याला विमान चालवायचं होतं. लेखी परीक्षा झाली, पाच दिवसांची निवड चाचणी झाली. वैद्यकीय तपासणीत मात्र रंगीत ठिपक्यांच्या पानात दडलेला आकडा त्याला दिसला नाही. लाल-हिरव्यातला फरक त्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. परतीच्या गाडीत मी त्याला एक वाक्य बोललो होतो, "जरा नीट बघायचं होतंस." ते वाक्य पुढे येईलच.

आता इतिहासाकडे वळू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळे श्रोते या क्षेत्रातले नाहीत. प्रोग्राम म्हणजे साधा मजकूर. अक्षरं, आकडे, कंस, स्वल्पविराम. तो ज्यात लिहितात त्या साधनाला एडिटर म्हणतात, आणि एडिटरला वरून जोडायच्या पुरवणीला एक्स्टेंशन. पडद्यावर दिसणारे रंग त्या मजकुरात कुठेही नसतात. फाइल जतन केली की रंग मागे राहतात, जातात ती फक्त अक्षरं. यंत्राला रंगांशी काही देणंघेणं नाही. हा सगळा खटाटोप माणसाच्या डोळ्यांसाठी आहे.

आणि तो खटाटोप जुना आहे. आपल्या जुन्या पोथ्या पाहा. काळ्या शाईच्या ओळींत अध्यायाची समाप्ती, दंड किंवा श्लोकाचा आकडा लाल रंगात दिसतो. वाचणाऱ्याला ठिकाण चटकन सापडावं, एवढाच हेतू. लिहिताना चूक झाली तर तिच्यावर पिवळी हरताळ लावून ती झाकत. "हरताळ फासणे" हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. याच्या उलट टोकाला मोडी. आधी लांब शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्दांत जागा न सोडता, हात न उचलता लिहीत जायचं. लिहिणाऱ्याचा वेग वाढतो, पण शब्द कुठे संपला हे ठरवण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो. लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची सोय यांतली ही ओढाताण संगणकाच्या जगातही पहिल्या दिवसापासून आहे.

कार्ड, ठळक टाइप आणि कंस

१९५७ साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा आणली. तेव्हा प्रोग्राम ८० रकान्यांच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत. पहिल्या रकान्यात 'सी' असेल तर ती ओळ यंत्रासाठी नाही, ती माणसासाठी लिहिलेली टीप. पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकाला, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण करायला, सात ते बहात्तर खुद्द आज्ञेला. उरलेल्या आठ रकान्यांत कार्डाचा अनुक्रमांक टाकता येई, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तरी पुन्हा लावता यावा. फौजेतला संदेशाचा छापील फॉर्म ज्यांनी भरला आहे त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. कुठला मजकूर कुठल्या रकान्यात आहे, यावरून त्याचं काम कळायचं.

जानेवारी १९६०मध्ये पॅरिसला युरोप-अमेरिकेतले तेरा तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अल्गोल ६० ही भाषा ठरवली. तिचा अहवाल डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी संपादित केला. त्यात त्यांनी भाषेचे तीन अवतार मानले: एक संदर्भासाठी, एक छापण्यासाठी आणि एक प्रत्यक्ष यंत्रासाठी. छापील रूपात 'बिगिन', 'एंड', 'इफ' असे राखीव शब्द ठळक टाइपात होते. ते नुसते नटवलेले शब्द नव्हते. ठळक 'बिगिन' हे पाच अक्षरांचं नाव न मानता एक अखंड चिन्ह मानलं होतं. पण यंत्राच्या कळफलकावर ठळक अक्षर कुठून आणणार? म्हणून कोणी ते शब्द अवतरणचिन्हांत घालत, कोणी खाली रेघ ओढत. कोडमधले राखीव शब्द वेगळे दिसले पाहिजेत, या कल्पनेचं मूळ इथे आहे, रंगीत पडदे येण्याच्या कितीतरी आधी.

त्याच सुमारास लिस्प नावाची भाषा वापरात होती. तिच्यात कंसांचा सुळसुळाट इतका की कुठला कंस कुठे बंद होतो हे शोधता शोधता डोळे दुखावेत. १९६७ साली एमआयटीत बिल गॉस्पर यांनी ग्राइंडडेफ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो लिस्पचा मजकूर घेई आणि ओळी तोडून, आत-बाहेर सरकवून नीटनेटका मांडून देई. कोड देखणं करून छापण्याची ही पहिली गाजलेली खटपट. रंग अजून नव्हते, पण समास होता. कुठली आज्ञा कुणाच्या पोटात आहे, हे ओळ किती आत सरकली आहे यावरून दिसू लागलं.

ऑक्सफर्डचा शब्दकोश

रंगांच्या कथेतलं माझं आवडतं पान मात्र प्रोग्रामरांच्या दुनियेतलं नाही, कोशकारांच्या दुनियेतलं आहे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा जुने खंड आणि पुरवण्या सगळं संगणकात उतरवायला लागणार होतं. १२० टंकलेखकांनी ३५ कोटींहून अधिक चिन्हं टंकित केली आणि इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली. शब्दकोशाच्या प्रत्येक नोंदीत मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरणं, सन असे थरावर थर. प्रत्येक थराला खूण घातलेली. त्या खुणांच्या जंगलातून संपादकाने मजकूर वाचायचा कसा?

आयबीएमचे माइक काउलिशॉ तिथे मदतीला होते. त्यांनी १९८५ साली लेक्स नावाचा एडिटर तयार केला. तुम्ही टंकत असतानाच तो मजकुराची रचना ओळखे आणि वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे रंग व टाइप देई. हाच एडिटर प्रोग्रामही त्याच पद्धतीने दाखवू शके. १९८९ साली तो शब्दकोश वीस खंडांत बाहेर पडला. आज लाखो प्रोग्रामर ज्या सोयीला गृहीत धरतात, तिच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक अशी कोशकारांच्या टेबलावर आहे. त्याच्याही थोडं आधी, १९८३ साली, बार्बी बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने आपल्या इंटेलिव्हिजन या खेळयंत्राला जोडायचा एक संगणक काढला होता. मुलांना प्रोग्राम लिहिणं सोपं जावं म्हणून त्यातही रंगांची योजना होती. म्हणजे गरज दोन टोकांना होती: शिकणारं पोर आणि ढिगाऱ्यातून वाट काढणारा पंडित.

माझी स्वतःची या रंगांशी भेट झाली ती नव्वदच्या दशकात, एका कोर्सवर. बोर्लंड कंपनीचं टर्बो पास्कल. त्याची सातवी आवृत्ती १९९२ची. निळाशार पडदा, पिवळी अक्षरं आणि राखीव शब्द पांढरे. तोवर एकरंगी पडद्यावर काम केलेले आम्ही मेजर-कॅप्टन पोरांसारखे खूश झालो होतो. 'बिगिन' लिहिताना एक अक्षर चुकलं तर तो शब्द पांढरा व्हायचाच नाही. उस्ताद ओरडण्याआधीच चूक कळायची.

टर्बो पास्कलमागचा माणूस अँडर्स हेल्सबर्ग, हाही डेन्मार्कचा.

ओळखणारा वेगळा, रंगवणारा वेगळा

पुढचा टप्पा मोकळ्या सॉफ्टवेअरचा. हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांच्या विम या एडिटरच्या पाचव्या आवृत्तीत, १९९८ साली, रंगांची सोय आली. विम फुकट होता. आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी पैसे पाठवा, एवढीच त्यांची विनंती असे. २०२३ साली ते गेले. विमच्या पद्धतीत कोणीही आपल्या भाषेसाठी नियमांची फाइल लिहून देऊ शकत होता, आणि जगभरच्या लोकांनी त्या लिहिल्या.

२००४ साली अ‍ॅलन ओडगार्ड यांनी मॅक संगणकासाठी टेक्स्टमेट काढला. हे तिसरे डेन्मार्ककर! त्यांनी कामाची जी वाटणी रूढ केली ती फार मोलाची ठरली. सैन्यातल्या उदाहरणाने सांगतो. टेकडीवरच्या निरीक्षण चौकीतला जवान फक्त ओळखतो: तो पूल, ती गाडी, ती वस्ती. खाली ऑपरेशन्स रूममधला कारकून नकाशावर ठरलेल्या रंगात खूण करतो. चौकीला रंगांशी काम नाही आणि कारकुनाला दुर्बिणीशी. टेक्स्टमेटमध्येही तसंच. व्याकरणाची फाइल ओळीमागून ओळ तपासते आणि प्रत्येक तुकड्याला नाव देते: हा राखीव शब्द, हा आकडा, ही टीप, हा अवतरणातला मजकूर. थीमची फाइल फक्त एवढंच सांगते, की राखीव शब्द या रंगात आणि टीप त्या रंगात. त्यामुळे एकदा भाषेचं व्याकरण लिहिलं की हजार थीम तिला लागू पडतात, आणि एक थीम हजार भाषांना.

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली व्हीएस कोड आणला तेव्हा हीच पद्धत उचलली. (तो ज्या टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिला आहे, तीही हेल्सबर्ग यांचीच.) एक्स्टेंशनचा बाजार उघडला आणि थीमचं पीक आलं. २००६ची मोनोकाय, २०११ची सोलराइझ्ड, २०१३ची ड्रॅक्युला. यांतली सोलराइझ्ड ही इथन शूनोव्हर यांची. त्यांनी सोळाच रंग निवडले, पण उजळ आणि गडद दोन्ही पार्श्वभूमींवर त्यांचा परस्परांशी तोल राहील असं मोजून मापून. तुम्ही म्हणाल ही हौस. दिवसाचे आठ-दहा तास एखाद्या पडद्याकडे बघायचं असेल तर ही हौस राहत नाही.

कंसांचीही गोष्ट पुरी करतो. जोडीजोडीने कंस रंगवणारं एक एक्स्टेंशन व्हीएस कोडमध्ये अतोनात लोकप्रिय झालं, पण मोठ्या फाइलवर ते दमायचं. २०२१मध्ये मूळ चमूने तीच सोय एडिटरच्या आत नव्याने बांधली आणि काही बाबतींत ती दहा हजार पट वेगवान असल्याचं जाहीर केलं. लिस्पच्या माणसांनी १९६७ साली जिथे हात घातला होता, तीच ही जखम.

डोळा फसतो तेव्हा

इथपर्यंत कथा सुखाची आहे. आता दुसरी बाजू.

फेब्रुवारी २०१४मध्ये अ‍ॅपलच्या फोन आणि संगणकांत एक भयंकर दोष सापडला. सुरक्षित जोडणी करताना समोरचा खरोखर तोच आहे का, हे तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही आज्ञा चुकून दोनदा लागोपाठ आली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या. वाचणाऱ्याला वाटे, दोन्ही वरच्या 'इफ'च्या पोटातल्या आहेत. पण सी भाषेत समासाला अर्थ नसतो. पोटात होती ती फक्त पहिली. दुसरी बिनशर्त चालायची आणि पुढची सही तपासण्याची पायरी ओलांडून सरळ बाहेर न्यायची. पहारेकरी ओळखपत्र न बघता फाटक उघडत होता, असं समजा. रंग सगळे बरोबर होते. राखीव शब्द राखीव शब्दाच्याच रंगात होता. म्हणजे प्रत्येक जवान गणवेशात, फक्त एक जण चुकीच्या जागी उभा.

यावर इलाज काय निघाला? २०१६मध्ये जीसीसी या कंपायलरला फसव्या समासाबद्दल ताकीद देण्याची सोय आली. आणि कोड आपोआप एकाच शिस्तीत लावणारी साधनं सर्रास झाली. गो भाषेबरोबर गोएफएमटी आलं, २०१७मध्ये जावास्क्रिप्टवाल्यांसाठी प्रेटियर. असं साधन त्या फाइलवर फिरवलं असतं, तर दुसरी ओळ आपोआप बाहेर सरकली असती आणि डोळ्यांत भरली असती. कवायतीत 'दाहिने सज'चा हुकूम सुटतो तो शोभेसाठी आहे असं नव्या रिक्रूटला वाटतं. सरळ रांगेत एक जण पुढे-मागे असला की लगेच दिसतो, हा त्यातला खरा फायदा.

दुसरं उदाहरण २०२१चं. केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं, की अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींसाठी जी अदृश्य दिशाचिन्हं असतात, ती कोडमध्ये पेरली तर पडद्यावर एक क्रम दिसतो आणि यंत्र दुसराच क्रम वाचतं. तपासणाऱ्याला टीप वाटणारा मजकूर यंत्रासाठी आज्ञा असू शकतो. त्याला त्यांनी ट्रोजन सोर्स म्हटलं. त्यानंतर व्हीएस कोडसह अनेक एडिटरांनी अशी चिन्हं ठळकपणे दाखवायला सुरुवात केली.

पण अदृश्य चिन्ह दिसलं की शत्रूच, असं म्हणून चालत नाही. उर्दू आणि इंग्रजी एकाच ओळीत आलं की कधीकधी त्या दिशाचिन्हांची गरज पडते. आपल्या मराठीतही 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. यातला अर्धा र उमटवायला काही पद्धतींत असंच एक न दिसणारं जोडचिन्ह लागतं. सरसकट बंदी घातली तर आपलीच भाषा फाटकाबाहेर राहील. म्हणून बंदीपेक्षा ते चिन्ह उघड करून दाखवणं, हा मार्ग मला योग्य वाटतो.

आणि रंगांचा उपयोग किती? २०१८मध्ये जर्मन संशोधकांनी ३९० नवशिक्या विद्यार्थ्यांना रंगीत आणि बिनरंगी कोड देऊन प्रश्न सोडवायला लावले. उत्तरांच्या अचूकपणात फरक आढळला नाही. रंगीत कोड आवडतं, ठिकाण शोधायला बरं पडतं, पण समज मात्र वाचणाऱ्यालाच आणावी लागते.

लाल टॉर्च

मी लेफ्टनंट असताना एका युद्धसरावात रात्री नकाशा उघडला. आपल्या तुकड्या निळ्या पेन्सिलने, शत्रू लाल पेन्सिलने, हा रिवाज. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल काच लावलेली. त्या प्रकाशात पाहतो तर नकाशावर शत्रूच नाही! लाल उजेडात लाल रेघ कागदात विरून गेली होती. तपकिरी समोच्च रेषाही फिकटल्या होत्या. माझी तुकडी मी बेधडक शत्रूच्या चौकीसमोर नेऊन उभी केली. सकाळी आमच्या सीओंनी सगळ्यांसमोर एवढंच सांगितलं, "रंगाच्या भरवशावर राहू नका. खुणेचा आकार वेगळा ठेवा आणि शेजारी अक्षर लिहा."

त्या रात्री मी डोळे फाडून फाडून पाहिलं होतं. नीट बघण्यात कुठे कमी पडलो नव्हतो.

ठिपक्यांची ती चाचणी शिनोबू इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांतल्या एकाला लाल-हिरव्याची अडचण असते. आता प्रोग्रामरांच्या कामाकडे पाहा. जुन्या आणि नव्या कोडची तुलना करताना काढलेली ओळ लाल आणि घातलेली ओळ हिरवी, ही पद्धत सगळीकडे रुळलेली. माझ्या मुलाला पहिल्या नोकरीत हे दोन्ही रंग एकाच मातकट छटेचे दिसायचे. तो ओळीच्या आरंभीचं अधिकचं आणि उण्याचं चिन्ह बघून काम भागवायचा, आणि कुणाला सांगायचा नाही. पुढे निळ्या-नारिंगीच्या थीम आल्या. ओळखणारी फाइल वेगळी आणि रंगवणारी वेगळी, ही वाटणी ज्यांनी केली त्यांच्यामुळे हे दोन मिनिटांचं काम झालं. भाषेला हात न लावता त्याने फक्त रंग बदलले.

हे सगळं तो मला त्या रात्री सांगत होता. मी विचारलं, "तेव्हा का नाही बोललास?"

तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात ना, नीट बघ म्हणून. मी बरीच वर्षं नीट बघत होतो."

चहा गार झाला होता. मी त्याला लाल टॉर्चची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत ती घरी कधी सांगितली नव्हती, कारण तिच्यात माझी फजिती होती. ती त्या गाडीत सांगायला हवी होती.

तुमच्यापैकी कोणी कोड लिहीत असाल, शिकवत असाल किंवा साधा एक्सेलचा तक्ता रंगवत असाल, तर रंगाशेजारी एक खूण, एक अक्षर जरूर ठेवा. कोणाच्या टॉर्चला कुठली काच लागली आहे, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.